देशमुख ताईंची भाकरी

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

आज विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं. वंदना झाली, खीर झाली आणि पाहुणी आली. पाहुणीचंच आधी लिहिते, कारण वस्तीत आज दुसरा विषयच नव्हता.

दीपा देशमुख. चाळिशी ओलांडलेली. कर्जतकडच्या बागायतदारांची मुलगी, नवऱ्यापासून वेगळी होऊन माहेरी राहते. कुठल्याशा शिबिरात दहा दिवस डोळे मिटून बसली आणि उघडले तेव्हा बाईंना बुद्ध सापडला होता. मग रीतसर दीक्षा घेतली. आता आमच्या मेत्ता महिला मंडळात काम करणार म्हणे. कर्जतहून मिरजगावला रोज एसटीने येणार.

खिरीच्या वेळी ती रतनबाईच्या शेजारी मांडी घालून बसली आणि दोन वाट्या खीर खाल्ली. बायका ग्रहण बघावं तशा तिच्याकडे बघत होत्या. भागिरथी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, देशमुखीन खाती वो आपल्या हातचं!"

"मी जन्मापासून खातेय. माझ्याकडे कुणी असं बघितलं नाही."

"तुमचं काय, तुमी आपल्याच."

आमच्या घरात बुद्ध आला तो आजोबांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते म्हणून. हिच्याकडे आला तो रात्री झोप लागत नव्हती म्हणून. बुद्ध तोच आहे. टाळ्या मात्र तिला.

जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. म्हटलं, "आमच्यात पाया पडत नाहीत. जय भीम म्हणतात."

"जय भीम, ताई," म्हणाली. लगेच. हसून. लाजलीसुद्धा नाही.

१८ जुलै

मंडळाचं स्वयंपाकघर मी सुरू केलं. इथे लिहून ठेवते, कारण बाहेर ते कुणी म्हणत नाही. विहारामागची पत्र्याची खोली, चार चुली, आठ बायका. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. बिभीषण टेम्पोतून डबे पोचवतो. बँक, दवाखाना, हायवेवरची दुकानं.

दिवाळी झाली की या आठही बायका नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जातात, त्या थेट गुढीपाडव्याला परत. इथे बारमाही काम मिळालं तर जावं लागणार नाही, एवढा साधा हिशेब. रतनबाईचं तर यंदा अडलेलंच आहे. तिची स्नेहल दहावीला आहे. गेल्या वर्षी आई फडावर गेल्यावर पोरगी धाकट्या भावांच्या भाकरी थापत बसली आणि शाळा महिनोन् महिने बुडाली. "औंदा न्हाई जायाचं मॅडम, काय बी करा," असं रतनबाई मला म्हणाली. मला म्हणाली, त्या देशमुखबाईला नाही.

माझ्याकडे फोन आहे. टेलिफोन खात्यात हयात गेली, दुसरं काय देणार? नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस दातांत पेन्सिल धरायला लावून आमचे उच्चार घासून घ्यायच्या. त्यामुळे फोनवर माणसं अदबीने बोलतात. "जोशी बाई का?" असंही विचारतात. मी म्हणते, "ऑर्डर सांगा." मी कधी हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायची वेळ येत नाही, लोक घाईत असतात.

२ ऑगस्ट

बँकेने डबे बंद केले. दवाखान्यातल्या दोघींनी केले. मी फोन करून कारण विचारलं. पित्त वाढतं म्हणाले.

बिभीषणाने खरं सांगितलं. बँकेतल्या शिपायाने त्याला विचारलं होतं, डबे कुठून आणतोस? याने सांगितलं, विहारामागून.

भागिरथी काटवटीत पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "भाकर ग्वाड लागत हुती. पत्ता कडू लागला."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. दीपाही हसली नाही. तोंडावर हात घेऊन बाहेर जाऊन उभी राहिली. डोळे लाल करून आत आली तेव्हा रतनबाईने तिला पाणी दिलं. अपमान आमचा, पाणी तिला.

१४ ऑगस्ट

एसटी स्टँडसमोर टपरी टाकली आहे. कल्पना रतनबाईची. टपरीवर दीपा बसते. तिला भाकरी येत नाही. पहिल्या दिवशी थापली ती महाराष्ट्राचा नकाशा झाली, कोकण तुटलेलं. म्हणून बसायचं काम तिला.

दुपारी दोनच्या आत माल संपतो. बँकेचा तो शिपाईसुद्धा आज साहेबांसाठी चार भाकरी घेऊन गेला. त्याच चुली, त्याच बायका. पित्त वाढत नाही आता.

पूर्वी सकाळची पहिली टम्म फुगलेली भाकरी रतनबाई माझ्यासाठी झाकून ठेवायची. हल्ली ती टपरीवर जाते. दीपाताईला सकाळी एसटीत काही खायला मिळत नाही म्हणे. मला काय त्याचं. घरी माझ्याकडे ब्रेड असतो.

२७ ऑगस्ट

बिभीषणाने टपरीला पाटी रंगवून आणली. लाल अक्षरांत: देशमुख ताईंची चुलीवरची भाकरी.

मी म्हटलं, ही उतरवा. हे खोटं आहे. पंचशील रोज म्हणता ना? मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. आणि हे एवढ्या मोठ्या अक्षरांत?

दीपा म्हणाली, "मलाही बरोबर वाटत नाही. मंडळाचंच नाव लावू."

तिथेच विषय संपायचा. पण रतनबाई म्हणाली, "लोक त्येच म्हनत्यात, मॅडम. पाटीवर लिवलं काय आन् न्हाई काय. नाव कुनाचं बी असूंद्या, भाकर आमची हाय."

हात वर करून मत घेतलं. सात विरुद्ध एक. एक म्हणजे मीच आणि दीपाने मतच दिलं नाही. बायकांतली आठवी भागिरथी. ती हात अर्धा वर करून डोकं खाजवत राहिली.

माझा आक्षेप तत्त्वाचा आहे. पाटीवर 'साळवे मॅडमची भाकरी' असतं तरी मी हेच म्हटलं असतं. बहुतेक.

९ सप्टेंबर

राधाकृष्णशेठ म्हणून आहेत, हायवेला त्यांचं मंगल कार्यालय आहे. महिनाभर माझ्याशी फोनवर बोलताहेत. लग्नांत हल्ली पाहुण्यांना चुलीवरची भाकरी लागते. तुळशीच्या लग्नानंतरचा सगळा सीझन आम्हाला द्यायचा विचार आहे. हे झालं तर आठही बायका इथेच थांबतील.

आज म्हणाले, "मॅडम, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं. किती शुद्ध बोलणं! हल्ली अशी माणसं राहिली नाहीत."

मी फोन ठेवल्यावर आरशात पाहिलं. साडी बदलायला हवी होती. फोनला साडी दिसत नाही, हे लक्षात आहे माझ्या.

या कामात दीपाचा काडीचा संबंध नाही. रतनबाईला मी तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "कुनी बी आना मॅडम, पर आना." आणि माझे दोन्ही हात पिठाच्या हातांनी धरले. पीठ मी संध्याकाळपर्यंत धुतलं नाही. नळाला पाणी नव्हतं.

२१ सप्टेंबर

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

राधाकृष्णशेठ आज टपरीवर आले. येणार हे मला ठाऊक होतं. मी निळी पैठणी नेसले होते, मोजून वीस वर्षांत चौथ्यांदा. दीपा नेहमीच्या मळखाऊ सुती साडीत. भागिरथी आणि रतनबाई मागे डबे भरत होत्या. उन्हातून आलेत म्हणून मी त्यांच्यासाठी ग्लासात पाणी ओतत होते.

ते सरळ दीपासमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. "देशमुख ताई! फोनवर आवाज ऐकला तेव्हाच ओळखलं होतं, चांगल्या घरचं माणूस आहे."

दीपा म्हणाली, "नाही, तो आवाज…"

तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "बाई, आणा ते पाणी इकडे. आणि हात धुतले आहेत ना?"

मी ग्लास खाली ठेवला. मग जे बोलले ते शुद्ध बोलले. एकेक अक्षर सुटं.

"फोनवर मी होते. माझं नाव साळवे. भाकरी करणाऱ्या सगळ्या विहारामागच्या वस्तीतल्या आहेत. बौद्ध आहेत. मीही आहे. देशमुख ह्या एकट्या, आणि ह्यांना भाकरी थापता येत नाही."

टपरीसमोर गिऱ्हाइकं उभी होती. एकाने घेतलेलं पार्सल परत ठेवलं.

शेठ हसले. वाईट नाही, अगदी सभ्य हसले. "असं काही नसतं हो आता," म्हणाले. "कळवतो." पाणी न पिता गेले.

मी खरं बोलले. चौथं शील पाळलं. यात माझं काय चुकलं ते कुणी मला दाखवून द्यावं.

२२ सप्टेंबर

कुणी दाखवून द्यायला आलं नाही. कुणी आलंच नाही.

२६ सप्टेंबर

मीच गेले. चार चुलींतली एकच पेटलेली. टपरी बंद, पाटी बिभीषणाने उतरवून भिंतीला टेकवली होती, अक्षरं भिंतीकडे करून.

मी म्हटलं, "खोट्यावर उभं राहिलेलं टिकत नाही. आज ना उद्या कळलंच असतं."

भागिरथी म्हणाली, "व्हय. पर उद्या कळलं असतं तर आज विकलं असतं."

रतनबाई तवा घासत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुमाला पेन्शन हाय. खरं बोलाया परवडतं तुमाला."

"मग त्याने हात धुतलेत का विचारलं ते ऐकून घ्यायचं होतं मी?"

"आमाला रोज इचारत्यात."

मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "आन् तुमी त्येच्यासाटी न्हाई बोलला. त्यो हात जोडून दीपाताईम्होरं हुबा ऱ्हायला, त्येच्यासाटी बोलला. मी तवा तुमच्या तोंडाकडं बघत हुते."

हे साफ चूक आहे. अडाणी बाईला माणसाच्या चेहऱ्यातलं काय कळणार?

ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला म्हणे. दिवाळीनंतर ट्रक निघतो. रतनबाईने त्याला अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. स्नेहल चुलीमागे बसून काहीतरी पाठ करत होती. माझ्याकडे बघून पाठ करायची थांबली. एरवी इंग्रजी विचारायला धावत यायची.

७ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

वर्षावास संपला. विहारात मी मागे बसले. कुणी पुढे बोलावलं नाही.

संध्याकाळी दीपा घरी आली. पहिल्यांदाच. मी तिला बैठकीच्या खोलीत बसवलं आणि वाट बघत बसले की आता ही मला क्षमा करते की काय. ते मला सोसलं नसतं.

ती म्हणाली, "ताई, तुम्ही बोललात ते मी पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं. मला आवडत होतं ते. लोकांनी ताई म्हणणं. माझं नाव चालतंय हे."

माझा अपराध होता, तोही हिने नेला.

मी चहा कपबशीत दिला. ती कपाकडे बघत राहिली. म्हटलं, "काय झालं? चिरलेला नाहीये."

"नाही. घरी आईने माझं ताट, वाटी, कप वेगळं ठेवलंय. दीक्षा घेतल्यापासून. खिडकीत. मला विसरायला झालं होतं, सगळ्यांचा असतो तसा कप."

मी म्हटलं, "अरे वा. म्हणजे आता तुम्हालाही कळलं." जरा जास्तच जोरात म्हटलं असेल. ती हसली आणि चहा प्यायली. दोन कप. ही बाई प्रत्येक गोष्ट दोनदा घेते.

आमच्या आजीला विहिरीवरून हाकलत होते, तिच्यासाठी कुणी डोळे पुसले नाहीत. आणि एक देशमुखीण वेगळ्या कपातून चहा पिते तर माझा पदर डोळ्याला का लागावा? वय झालं.

१५ ऑक्टोबर

फोन आला. राधाकृष्णशेठ. मी "बोला" म्हटलं. आवाज ओळखला असणार, कारण एकदम कामाचं बोलले. "देशमुख ताईंना द्या."

"त्या नाहीत. निरोप सांगा."

नोव्हेंबरात एक लग्न आहे, कर्जतकडचे पाहुणे, भाकरीचा आग्रह आहे. पण अट अशी, की पुढे देशमुख ताई उभ्या राहतील. बाकीच्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडद्याआड करायचं. "आणि तुम्ही नाही आलात तरी चालेल," हेही म्हणाले.

मी फोन ठेवणारच होते. ठेवला असता तर मंडळात कुणाला कळलंही नसतं. तत्त्व राखलं गेलं असतं, दीपा पुढे उभी राहिली नसती, आणि दोन्ही गोष्टींचा मला सारखाच आनंद झाला असता. हे आज लिहिताना दिसतंय. तेव्हा नुसताच हात फोनवर होता.

पण रतनबाई समोर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून कोयत्याला धार लावत होती. म्हणजे मुकादमाला हो म्हणायची तयारी.

इतक्या दिवसांत हा फोन मी कुणाच्या हातात दिला नव्हता. उच्चार बिघडतात म्हणून. आज दिला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग मोठ्याने, जणू शेठ शेताच्या पलीकडच्या बांधावर उभे आहेत: "शेठ, गरम पायजे का गार? गरम पायजे आसंल तर चूल म्होरं मांडाया लागंल. पडद्यामागनं ताटापत्तुर भाकर चिवट हुती. पावनं नावं ठेवतील ती तुमाला, आमाला न्हाई. आमाला कोन वळखतंय?"

पलीकडून त्यांनी देशमुख ताईंचं विचारलं असणार.

"दीपाताई ऱ्हातील. आमच्या संगट. आमच्या म्होरं न्हाई." आणि वर: "आन् साळवे मॅडम बी येतील. न्हाईतर मी बी येत न्हाई."

मला कुणी विचारलं नव्हतं मी येणार का ते.

ठरलं. एकच लग्न. जमलं तर पुढचं बोलू, असं.

२६ ऑक्टोबर

ट्रक आज गेला. भागिरथी गेली. एका लग्नावर मी वर्ष टाकू शकत नाही म्हणाली, आणि खरंच आहे ते. ट्रकच्या फाळक्यावरून ओरडली, "मॅडम, येईस्तवर कुनाशी भांडू नगा!"

रतनबाईचा नवरा गेला. रतनबाई नाही गेली, आणि तिच्या भरवशावर आणखी तिघी थांबल्या. मुकादमाने तिला सर्वांदेखत वेडी म्हटलं. ट्रक वळणाआड गेल्यावर ती रस्त्यातच खाली बसली. दीपा तिच्याजवळ बसली. मीही बसले असते. माझे गुडघे.

१६ नोव्हेंबर

लग्न पार पडलं. थकले आहे, पण आजचं आजच लिहायला हवं.

मांडवाच्या दारातच तीन चुली. रतनबाई मधल्या चुलीवर, थांबलेल्या तिघी दोन्ही बाजूंना. दीपा ताटात भाकरी वाढत होती, मी पिठल्यावर. मांडव भरल्यावर एका फेटेवाल्याने विचारलं, "कुनाची म्हनायची भाकरी?"

मी बोलायला गेले. दीपाने तोंड उघडलं होतं. रतनबाईने दोघींनाही संधी दिली नाही. भाकरी निखाऱ्यावर उभी करून म्हणाली, "माजी. रतनबाई. मिरजगावात विहारामागं ऱ्हाते. अजून एक टाकू?"

फेटेवाल्याने मागच्याकडे बघितलं. रांगेतले काही जण पुरीच्या टेबलाकडे सरकले. नजरेने मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलं. फेटेवाला मात्र ताट धरून तसाच उभा होता. भाकरी फुगली. "टाका," म्हणाला. मग त्याच्यामागच्या पोरांनी ताटं पुढे केली, पोरांमागे त्यांच्या आया. रांग बारीक झाली पण तुटली नाही. पीठ संपेपर्यंत नाही.

मध्येच एक म्हातारी बाई आली. मोठं कुंकू, अंगावर जुनं सोनं. रांगेत ढकलत आलेली असावी, समोर कोण आहे हे तिला जवळ आल्यावर कळलं. दीपाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "आई," म्हणाली.

बाईने ताट छातीशी धरलं.

रतनबाईला खिडकीतल्या कपाचं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "घ्या की आई, गरम हाय."

"नको. मला शुगर आहे. भाकरी चालत नाही."

शुगरवाल्यांना डॉक्टर भाकरीच खा म्हणतात, हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी ते सांगणार होते, नीट सांगणार होते. पण दीपाकडे पाहिलं. मी पिठल्याचा डाव ठेवला, तिच्या हातातली भाकरी काढून घेतली आणि तिच्या जागी उभी राहिले. म्हातारी निघून गेली. दीपा पिठलं वाढायला लागली. अर्धं ताटाबाहेर.

शेठ शेवटी आले. माझ्याकडे न बघता रतनबाईला म्हणाले, "डिसेंबरच्या दोन तारखा धरून ठेवा. पुढचं पुढे." पूर्ण सीझन नाही. दोन तारखा. रतनबाई म्हणाली, "स्नेहलच्या परीक्षेपत्तुर धरा की शेठ, आमी कुटं जातोय?" ते हसले. या वेळी त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं नाही. रतनबाईने दिलं, आणि ते प्यायले.

२८ नोव्हेंबर

दीपाला घरच्यांनी निरोप धाडला, आता घरी येऊ नकोस. लग्नात सगळ्या भावकीने बघितलं. ती विहाराच्या ओसरीवर पिशवी घेऊन बसली होती. थंडी पडलेली. मला एकटीला तीन खोल्या लागत नाहीत हे कुणीही सांगेल. मी काही उपकार केलेले नाहीत.

ती घोरते. पहाटे उठून डोळे मिटून बसते आणि मी भांडी आपटली तरी उघडत नाही. भाकरी शिकतेय. कोकण अजून तुटतंच.

स्नेहल संध्याकाळी अभ्यासाला येते. तिच्यामागे रतनबाई येते, तिच्यामागे बाकीच्या. एरवी या घरात पोस्टमनसुद्धा दारातून जायचा. आता रोज ओसरीभर चपला असतात. सगळ्याजणी दीपाला भेटायला येतात, तासभर खिदळतात.

चहा मीच करते. आज साखर संपली, तर बिनसाखरेचाच दिला. कुणाच्या लक्षात आलं नाही.